भट्टीवरच्या माणसाचं मीठ

जालन्याच्या एमआयडीसीत सळई करणाऱ्या एखाद्या कारखान्याच्या गेटातून सकाळच्या पाळीला दोन माणसं आत जातात असं समजू. एक इंडक्शन भट्टीवरचा हेल्पर, दुसरा वजनकाट्यावरचा कारकून. दोघंही पंचेचाळिशीचे, दोघांचंही ब्लड प्रेशर १५०/९५. दवाखान्यात दोघांना सल्ला एकच मिळतो: मीठ कमी करा, गोळी चुकवू नका. कारकुनाने तो जसाच्या तसा पाळावा. हेल्परने जसाच्या तसा पाळला, तर मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी तो भट्टीशेजारी चक्कर येऊन पडू शकतो.

हृदयविकार, मधुमेह, बीपी या दुखण्यांबद्दल बोलताना आहाराचं बोलणारे वेगळे असतात आणि औषधाचं बोलणारे वेगळे. पथ्य सांगणारा गोळीचं नाव विचारत नाही. गोळी लिहून देणाऱ्याला डब्यात काय असतं हे विचारायला सवड नसते, मग कामाच्या जागी किती गरम होतं हे कुठून विचारणार? शरीर असे दोन कप्पे ठेवत नाही. मीठ, पाणी आणि गोळी एकाच रक्तात उतरतात आणि एकमेकांचं काम वाढवतात किंवा बिघडवतात.

जालना तसं बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली ‘महिको’ इथेच सुरू केली. मोसंबीलाही जालन्याच्या नावाने भौगोलिक मानांकन आहे. पण एमआयडीसीत शिरल्यावर डोळ्यांत भरतं ते पोलाद. भंगाराचे डोंगर, ते वितळवणाऱ्या भट्ट्या, त्यातून निघणारे बिलेट, म्हणजे पोलादाचे ओतीव ठोकळे, आणि रोलिंग मिलमधून लाल सापासारखी सरसरत येणारी सळई. भट्टीतलं पोलाद १६०० अंशांच्या आसपास असतं. बाहेर मराठवाड्याचा उन्हाळा ४२ अंशांवर. या दोहोंच्या मधे माणूस उभा असतो आणि त्याच्याकडे थंड राहण्याचं एकच साधन असतं, घाम.

घामात पाण्याखालोखाल जातं ते मीठ. एक लिटर घामात साधारण १ ग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम मीठ. माणसामाणसात यात मोठा फरक असतो, पण जड आणि तापलेल्या कामावर एका पाळीत पाच लिटर घाम गाळणारा माणूस विरळा नाही. हिशेब केला तर ते बारा ग्रॅमच्या आसपास मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. ही मर्यादा खुर्चीवर बसून किंवा सावलीत काम करणाऱ्यासाठी अगदी योग्य आहे. पाच लिटर घाम गाळणाऱ्याचं काय, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच पुढे आला होता. इंग्लंडच्या खोल कोळसाखाणींत कामगारांच्या पायांत आणि पोटात भयंकर पेटके यायचे. १९२३ साली संशोधक नेव्हिल मॉस याने दाखवलं की घामावर नुसतं पाणी पीत राहिल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं आणि पेटके येतात. पाण्यात थोडं मीठ घातलं की थांबतात.

शरीर उष्णतेला सरावतंही. आठवडा-दोन आठवडे गरम जागी काम केलं की घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, पण त्यातलं मीठ कमी होतं, कारण ॲल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक घामातलं मीठ परत ओढून घेतं. म्हणून भट्टीवर सर्वांत जास्त धोका नव्या माणसाला किंवा सुट्टीवरून परतलेल्याला. महिनाभर गावी राहून आलेल्या जुन्या, अनुभवी कामगाराचा सराव मोडलेला असतो. तो स्वतःला जुना समजतो, शरीर मात्र नवख्यासारखं वागतं.

मग भट्टीवाल्याने हवं तेवढं मीठ खावं? नाही. पाळीत गेलेलं मीठ पाळीतच, पाण्याबरोबर, थोडंथोडं भरून काढायचं असतं. ओआरएसच्या पुडीचं माप त्याच्या जवळ जातं: लिटरभर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, सोबत पोटॅशियम आणि सायट्रेट. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणीही चालतं. रात्री खोलीवर जाऊन लोणचं, पापड, शेव यांतून ओतलेलं मीठ दुपारच्या घामाला उपयोगी पडत नाही; ते रात्रभर बीपी वाढवत बसतं. आणि ‘घाम येतो हो, मीठ लागतंच’ हे वाक्य काट्यावरचा कारकून, ऑफिसातला अकाउंटंट आणि गाडीचा एसी लावून बसलेला मालकही म्हणतो, तेव्हा ते निव्वळ जिभेचं समर्थन असतं.

मराठवाड्याच्या ताटात मीठ येतं कुठून हेही बघण्यासारखं आहे. ज्वारीच्या भाकरीत बहुतेक घरी मीठ घालत नाहीत. ते येतं ठेच्यातून, लोणच्यातून, पापडातून, आणि वरून भुरभुरलेलं. भाकरीऐवजी फरसाण, बिस्किटं, खारी, वडापाव, इन्स्टंट नूडल्स यांच्यावर दिवस निघाला की मीठ वाढतं आणि खाणाऱ्याला कळतही नाही, कारण यातलं बरंच काही खारट लागत नाही. सैंधव मीठ घेतलं की प्रश्न मिटला असं समजणारेही पुष्कळ. सैंधव रंगाने वेगळं, घटकांनी मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड.

खरोखर वेगळं असतं ते कमी सोडियमचं मीठ, ज्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतो. चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार माणसांवर त्याची परीक्षा झाली. यातल्या बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेला होता, बाकीचे साठीच्या पुढचे बीपीवाले. ७५ टक्के साधं मीठ आणि २५ टक्के पोटॅशियम मीठ वापरणाऱ्या खेड्यांत सुमारे पाच वर्षांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यूंचं १२ टक्क्यांनी कमी निघालं. २०२१ साली आलेला हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण यात कुणाला चव सोडावी लागली नाही. पण इथेच औषध आडवं येतं. बीपीसाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल ही औषधं शरीरातलं पोटॅशियम राखून ठेवतात. मूत्रपिंड चांगलं असेल तर ते जादा पोटॅशियम बाहेर टाकतं. मूत्रपिंड आधीच थकलेलं असेल, तर ही गोळी आणि हे मीठ मिळून रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढवू शकतात की हृदयाचा ताल बिघडतो. म्हणजे घरातल्या एकाच डब्यातलं मीठ कारकुनाला तारक, आणि त्याच्या किडनीचा आजार असलेल्या आईला मारक. असं मीठ घरात आणण्याआधी क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाची, एक साधी तपासणी करून घ्यावी.

आता एमआयडीसीतल्या सर्वांत दुर्लक्षित धोक्याकडे येतो. तो ताटात नाही आणि बीपीच्या गोळीतही नाही. तो आहे अंगदुखीच्या गोळीत.

भट्टी, क्रेन, रोलिंग मिल, भंगार उचलणं. कंबर आणि खांदे दुखणारच. मेडिकलवर ‘अंगदुखीची द्या’ म्हटलं की डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक यांपैकी काहीतरी हातात पडतं, बहुधा चिठ्ठीशिवाय. ही औषधं दोन प्रकारे नडतात. एक तर ती शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे बीपी वाढतं आणि बीपीच्या गोळीचा परिणाम कमी होतो. दुसरं अधिक गंभीर. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या लाखो सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येकीत रक्त आणणारी एक बारीक नळी आणि बाहेर नेणारी दुसरी. गाळण्यासाठी आत दाब हवा. घामाने पाणी गेलं की रक्ताचा पुरवठा कमी होतो, तेव्हा शरीर आणणारी नळी उघडी ठेवतं आणि नेणारी आवळतं, म्हणजे दाब टिकतो. टेल्मिसार्टन नेणारी नळी सैल करतं. दुखण्याची गोळी आणणारी नळी आवळते. लघवी वाढवणारी बीपीची गोळी, म्हणजे क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड, उरलंसुरलं पाणीही काढते. तिन्ही एकदम घेतल्या की गाळणीतला दाब ढासळतो. ब्रिटनमधल्या ४ लाख ८७ हजार बीपीच्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ साली संशोधकांनी मांडलं की ही तीन प्रकारची औषधं एकत्र घेतल्यावर मूत्रपिंड अचानक बिघडण्याचा धोका ३१ टक्क्यांनी जास्त असतो, आणि पहिल्या ३० दिवसांत तर ८२ टक्क्यांनी. त्या रुग्णांपैकी किती जण १६०० अंशांच्या भट्टीसमोर उभे होते? ब्रिटनच्या हवेत हे घडत असेल तर जालन्याच्या मे महिन्याचा अंदाज वाचकानेच करावा.

बीपी असलेल्याने अंगदुखीसाठी अधूनमधून पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेणं मूत्रपिंडाला पुष्कळ सुरक्षित. आणि जुलाब, उलट्या किंवा ऊन लागून अंगातलं पाणी गेलं असेल त्या दिवशी टेल्मिसार्टन, लघवीची गोळी, मेटफॉर्मिन यांचं काय करायचं हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. त्या एक-दोन दिवसांपुरत्या यातल्या काही गोळ्या थांबवायला सांगतात. हे आधी विचारायचं असतं, ऊन लागल्यावर विचारण्याचं भान राहत नाही.

मधुमेहाच्या गोळ्यांचंही असंच जेवणाशी बांधलेलं नातं आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, माणूस जेवलेला असो वा नसो. सकाळी गोळी घेतली, बिलेट निघायला उशीर झाला, जेवणाची सुट्टी दोन तास पुढे गेली, की साखर घसरते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम सुटतो. भट्टीवर मात्र घाम सगळ्यांनाच येत असतो, त्यामुळे शेजारच्यालाही संशय येत नाही. अशा माणसाच्या खिशात साखरेच्या पुड्या हव्यात आणि पाळीतल्या एकाला तरी माहीत हवं. डॅपाग्लिफ्लोझिन हे औषध २०२० नंतर भारतात स्वस्त झालं आणि झपाट्याने पसरलं. ते जादा साखर लघवीवाटे काढतं, हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्याचा फायदा पक्का आहे. पण साखरेबरोबर पाणीही जातं. हे घेणाऱ्याने निर्जळी एकादशी करून भट्टीवर उभं राहणं म्हणजे संकटाला आमंत्रण. बाकी उपवासाची साबुदाणा खिचडी रक्तातली साखर किती वेगाने चढवते हे घरातलं ग्लुकोमीटर अर्ध्या-पाऊण तासात दाखवतं.

‘मी तर काटक, मला कुठली साखर?’ भट्टीवरच्या सडपातळ माणसाचा हा भरवसा पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कायमचा मोडीत काढला. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार, अशी भारतीय शरीराची ठेवण त्यांनी त्याआधीच पुण्याजवळच्या सहा खेड्यांत नवजात बाळांतही दाखवली. आईच्या पोटात पोषण कमी पडलं तर बाळ स्नायूंवर काटकसर करतं, चरबी राखून ठेवतं, आणि पुढे चाळिशी-पन्नाशीत मधुमेह-हृदयविकाराच्या वाटेवर लवकर पोचतं. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या उपासमारीत पोटात असलेल्या मुलांच्या बाबतीत असाच माग लागला आहे. मराठवाड्यात १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, लाल मिलो आणि सुकडी ज्यांनी खाल्ली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या वर्षी आईच्या पोटात असलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. वजन कमी असलं तरी त्यांनी साखर, बीपी तपासून घ्यावं, कमरेचा घेर मोजावा.

याज्ञिकांच्याच आणखी एका कामाचा औषधाशी थेट संबंध आहे. पुण्याच्या आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांत त्यांना सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. शाकाहार हे त्याचं एक मोठं कारण. त्यात मधुमेहाचं पहिलं औषध मेटफॉर्मिन आतड्यातून बी-१२ शोषून घेणं आणखी कमी करतं. पायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि सगळे म्हणतात साखरेमुळे झालं. काही वेळा ते बी-१२ मुळे असतं आणि ते भरून काढता येतं. भट्टीजवळ काम करणाऱ्याचे पाय बधिर असणं किती धोक्याचं हे तिथल्या कुणालाही कळेल. बुटात गेलेल्या ठिणगीचा चटका त्याला लागतच नाही.

आपल्याकडे हृदयविकार लवकर येतो ही केवळ समजूत नाही. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतर देशांत ५८.८ व्या वर्षी. जनुकांना दोष देणं सोपं होतं, पण त्यांनी दाखवलं की तंबाखू, बीपी, साखर, रक्तातली वाईट चरबी, भाज्या-फळं कमी, व्यायाम कमी हे नेहमीचेच धोके आपल्याकडे लवकर जमा होतात. तंबाखूत चुना मळून गालात ठेवणाऱ्यानेही स्वतःला यातून सूट देऊ नये.

आहाराची ताकद किती? अमेरिकेत १९९७ साली ४५९ लोकांवर झालेल्या ‘डॅश’ प्रयोगात मीठ आणि वजन तेवढंच ठेवून भाज्या, फळं, कमी स्निग्धांशाचं दूध वाढवलं आणि एकूण स्निग्धांश कमी केला. बीपी असलेल्यांचा वरचा आकडा ११.४ ने उतरला. एका गोळीएवढं हे काम आहे. डाळ, पालेभाजी, ताक, मोसंबी, ज्वारीची भाकरी यांनी जालन्यातही हे जमावं. तीन पाळ्यांत खोलीवर चौघांनी मिळून स्वयंपाक करणाऱ्यांना मात्र डाळ-भात-बटाट्यापलीकडे जाणं जड जातं, हेही खरं. गेटाबाहेरच्या गाड्यावर तळणीचं तेल दिवसभर तेच असतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुन्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची आणि तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटला २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. गाड्यावरच्या काळ्या कढईपर्यंत ती कधी पोचेल कोण जाणे.

पण एकदा झटका आला, की आहार एकटा पुरत नाही. १९९४ साली आलेल्या स्कँडिनेव्हियातल्या अभ्यासात ४,४४४ हृदयरुग्णांना सिम्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन किंवा खोटी गोळी दिली. स्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. स्टॅटिनने स्नायू दुखतात म्हणून ती सोडणारे बरेच. २०२० साली ब्रिटनमध्ये अशाच साठ जणांना महिन्यागणिक आळीपाळीने स्टॅटिन, खोटी गोळी आणि काहीच नाही असं दिलं गेलं. स्टॅटिनच्या महिन्यांत झालेल्या त्रासापैकी ९० टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही होता. दुखणं खोटं नव्हतं. त्याचं कारण बहुतांशी गोळीतल्या औषधात नव्हतं.

‘त्यापेक्षा झाडपाल्याचं बरं’ म्हणणाऱ्यांना मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांची गोष्ट सांगावीशी वाटते. १९४९ साली त्यांनी सर्पगंधेच्या मुळाने बीपी उतरतं हे रुग्णांवर मोजून ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं आणि साऱ्या जगाचं लक्ष वेधलं. पुढे तिच्यातून रिसर्पिन निघालं, १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. आणि मग त्याच औषधाने काही जण खोल उदासीनतेत गेल्याच्या नोंदी आल्या. झाडातलं औषध औषधच असतं, गुणासकट आणि दोषासकट. खोकल्यासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमधही बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं.

गोळी कोणत्या वेळी घ्यायची यावर पाळीवाल्यांचा फार घोळ होतो. २०२२ साली ब्रिटनमध्ये २१ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात बीपीची गोळी सकाळी घ्या की रात्री, झटके आणि पक्षाघात यांत फरक पडला नाही. मग ज्या वेळी हमखास आठवण राहते ती वेळ धरावी, रात्रपाळीतही.

औषध मिळण्याची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०१७ मध्ये भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातले पहिले जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा होते. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशी मोजकी, स्वस्त औषधं, राज्यभर एकाच क्रमाने, हे त्याचं सूत्र. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. अडचण आहे ती सलगतेची. एमआयडीसीतला बिहार किंवा उत्तर प्रदेशचा कामगार छटला, लग्नसराईत, पेरणीला गावी जातो. गोळ्या आठवड्यात संपतात, गावचा मेडिकलवाला दुसऱ्याच कंपनीची पट्टी देतो, मग ती बंदच होते. ॲटेनोलॉलसारखी गोळी एकदम थांबवली तर बीपी आणि नाडी उसळून छातीत दुखूही शकतं. निघताना दोन महिन्यांच्या गोळ्या बरोबर घ्याव्यात आणि रिकामी पट्टी जपून ठेवावी. कंपनीचं नाव काहीही असो, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळले की झालं. मे महिन्यात परत आल्यावर पहिल्या दिवशीच बंद पडलेल्या सगळ्या गोळ्या पूर्ण मात्रेत सुरू करून भट्टीवर चढू नये. आधी बीपी मोजून घ्यावं, किती दिवस खंड पडला आणि काम कुठे आहे हे डॉक्टरांना सांगावं, आणि पहिला आठवडा सुपरवायझरकडून बिलेट यार्डावरची किंवा सावलीतली ड्युटी मागून घ्यावी.